नोकरीचा शोध जिल्ह्याच्या हद्दीवर का थांबतो?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातून २५ वर्षांच्या तरुणाने हे पत्र लिहिले आहे. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर चुलतभावाच्या ओळखीने तो पुण्याजवळच्या चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला लागला. हातात साडेसोळा हजार रुपये येत आणि खोली, मेस व जाण्यायेण्यात दहा-अकरा हजार जात. अकरा महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ म्हणून कामावरून थांबवले, पुन्हा बोलावणे आले नाही, आणि त्याच सुमारास आई आजारी पडल्याने तो गावी परतला. गेले दीड वर्ष तो जळगावच्या एमआयडीसीत बायोडाटा देत आहे. एका ठिकाणी बारा हजारांवर बोलावले होते, ते त्याने कमी म्हणून नाकारले. घरी चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यात तो वडिलांना मदत करतो. पुण्यात कंपनीत असलेल्या मुलालाच स्थळे येतात, म्हणून त्याने परत जावे असे वडिलांचे म्हणणे आहे. तो विचारतो, ‘खान्देशात काम नाही हे मान्य करून मी पुण्याला जावे, की आईसाठी गावीच राहून काही मिळते का ते पाहत राहावे? आणि बेरोजगारी तीन-चार टक्केच आहे असे वर्तमानपत्रात येते, मग आमच्या गावात एवढी शिकलेली मुले घरी बसलेली कशी?’

उत्तर:

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचा उलगडा झाल्याशिवाय तुम्ही स्वतःला दोष देणे थांबवणार नाही, असे पत्रावरून वाटते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षासाठी देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आला होता, त्यामुळे तुम्ही वाचले ते बरोबर आहे. मात्र त्याच सर्वेक्षणात १५ ते २९ या वयोगटाचा दर १०.२ टक्के होता, म्हणजे एकूण दराच्या तिपटीहून अधिक. शिवाय या मोजणीत घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदत करणारा माणूसही रोजगारात धरला जातो, आणि चालू आठवड्याचा निकष लावला तर त्या आठवड्यात एक तास काम केलेला माणूससुद्धा बेरोजगार ठरत नाही. तुम्ही वडिलांबरोबर वावरात राबता, त्यामुळे पाहणी करणारा तुमच्या दारी आला असता तर बहुधा तुमची नोंद बेरोजगार म्हणून झालीच नसती. चार एकरांना लागतात त्यापेक्षा घरात एक माणूस जास्त आहे, ही गोष्ट कोणत्याही रकान्यात बसत नाही. गावात दिसणारी बसलेली मुले आणि वर्तमानपत्रातला आकडा यांच्यातले अंतर बरेचसे इथून येते.

आता मूळ प्रश्न. तुम्ही माझ्यापुढे पुणे आणि गाव असे दोन पर्याय ठेवले आहेत, आणि ‘खान्देशात काम नाही’ हे वाक्य सिद्ध झालेले आहे असे धरून चालला आहात. ते वाक्य मला तपासून पाहायचे आहे. तुमच्या पत्रात जळगाव अनेकदा येते, चाकण अनेकदा येते, धुळे मात्र एकदाही आलेले नाही. अमळनेर जळगाव जिल्ह्यात असल्यामुळे दाखला असो, कोर्टकचेरी असो की दवाखाना असो, आपले पाय सवयीने जळगावकडे वळतात, आणि नोकरीचा शोधही त्याच वाटेने गेला. प्रत्यक्षात अमळनेरहून धुळे शहर जळगावपेक्षा जवळ आहे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर तुम्ही धरणगावच्या दिशेने जळगावला जाता. त्याच मार्गावर उलट दिशेने गेले, की बेटावदनंतर नरडाणा लागते. तेथे शिंदखेडा तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गालगत, एमआयडीसी उभी आहे, आणि पुढे त्याच रुळांवर दोंडाईचा आहे. धुळ्याच्या वेशीवर अवधानची एमआयडीसी आहे, महामार्गाने पुढे शिरपूर आहे. यांपैकी कोणत्याही ठिकाणी तुम्ही एकदाही बायोडाटा दिलेला नाही, कारण ती दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. माणूस आणि माल रस्त्याने व रेल्वेने हलतात, आणि कामाचा बाजारही त्यांच्यामागून पसरतो, जिल्ह्याच्या हद्दीला तो जुमानत नाही.

हे तुमच्या एकट्याच्या बाबतीत घडलेले नाही, म्हणून त्याचे कारण नीट सांगते. कारखान्यात जागा रिकामी झाली, की जाहिरात निघण्याआधी सुपरवायझर आपल्या माणसांना विचारतो, ‘कोणी ओळखीचा मुलगा आहे का?’ ती जागा ज्याच्या गावातला माणूस आधीच आत आहे त्याला कळते. तुमच्या भाऊबंदांतली मुले चाकणला गेलेली असल्याने चाकणमध्ये काल रिकामी झालेली जागा आज तुमच्या मोबाइलवर येते, आणि जवळच्या नरडाण्यातली जागा तुम्हाला कधीच कळत नाही. मागच्या पिढ्यांतही असेच झाले. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे या गावांत एके काळी कापडगिरण्या चालत. पुढे खान्देशातली असंख्य कुटुंबे ताप्तीकाठच्या रेल्वेने सुरतला गेली आणि उधना, लिंबायत हे भाग आपल्या माणसांनी भरले, कारण पहिला गेला त्याने दुसऱ्याला बोलावले. नवापूर रेल्वे स्थानकाच्या फलाटातून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते, पण कामासाठी गाडीत बसणाऱ्याला ती जाणवतही नाही. सातपुड्यातली आदिवासी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात. त्यांच्या जाण्यामागे नाइलाज मोठा आहे आणि त्याचे कौतुक करण्यासारखे त्यात काही नाही, तरी कामाचा बाजार किती दूरवर सलग पसरलेला असतो ते त्यांच्या वाटेवरून कळते. सांगायचे एवढेच, की आपल्या शोधाचा नकाशा आपल्या नातेवाइकांनी काढलेला असतो. तो चुकीचा नसतो, पण फार अपुरा असतो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर शेजारच्या जिल्ह्यात नोकऱ्या वाट पाहत बसल्या आहेत असा तुमचा समज होईल. बेरोजगारीही हद्द मानत नाही. जळगावला भरती मंदावली की तिकडची मुले धुळ्याला विचारू लागतात, धुळ्याची मुले नाशिककडे सरकतात, आणि सिन्नर किंवा अंबडमधल्या जागेसाठी मालेगाव, धुळे, अहिल्यानगर, मराठवाडा अशा सर्व दिशांनी अर्ज येतात. एका जिल्ह्याची ओढाताण अशा रीतीने शेजारच्याला लागते. म्हणून एखाद्या ठिकाणी जागा किती आहेत, एवढेच पाहून चालत नाही. त्या जागांसाठी तुमच्याच शिक्षणाचे किती जण उभे आहेत, हेही पाहावे लागते. चाकणला जागा पुष्कळ आहेत यात शंका नाही, पण तेथे अख्ख्या महाराष्ट्रातला आणि बाहेरच्या राज्यांतला पदविकाधारक उभा असतो, आणि ठेकेदाराला ते पक्के ठाऊक असल्यामुळेच अकरा महिन्यांनी तुम्हाला ब्रेक देणे त्याला परवडते. लहान एमआयडीसीत जागा थोड्या निघतात, परंतु यंत्रांची देखभाल करू शकणारा शिकलेला मुलगा तेथे टिकत नाही, सहा महिन्यांत पुण्याला जातो, ही तिथल्या व्यवस्थापकांची नेहमीची तक्रार असते. मोठ्या कारखान्यात अकरा महिने काढलेला, पंचक्रोशीतला आणि आईमुळे इथेच राहू पाहणारा मुलगा त्यांच्या नजरेत चाकणच्या गर्दीतल्या मुलापेक्षा नक्कीच वेगळा ठरेल. ज्या परिस्थितीला तुम्ही अडचण समजता, ती तेथे तुमच्या बाजूने बोलेल, आणि मुलाखतीत ती न लाजता सांगावी असा माझा आग्रह आहे.

पगाराविषयी तुम्ही दिलेले आकडे मी मांडून पाहिले. चाकणला साडेसोळा हजारांतून दहा-अकरा हजार वजा जाता तुमच्याजवळ साधारण सहा हजार उरत होते. जळगावची बारा हजारांची नोकरी तुम्ही नाकारलीत. अमळनेरहून अप-डाऊन करण्याचा आणि बाहेरच्या चहा-नाश्त्याचा खर्च अडीच हजार धरला, तरी घरच्या जेवणासह नऊ-साडेनऊ हजार उरले असते. म्हणजे मिळकतीत कमी दिसणारी नोकरी शिलकीत जास्त देत होती. तुम्ही ती नाकारली याचे मला नवल वाटत नाही, कारण गावात पगार विचारला जातो, शिल्लक कोणी विचारत नाही. तथापि दीड वर्ष रिकामे गेल्यावर पुढच्या प्रत्येक मुलाखतीत ‘मधल्या काळात काय केले?’ हा प्रश्न येणार, आणि त्या रिकाम्या महिन्यांचीही किंमत हिशेबात धरली पाहिजे. याच्या उलट बाजूलाही वजन आहे. एखादी नोकरी आज कमी शिल्लक देत असेल, पण तेथे सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे), पीएलसी (यंत्रांचे स्वयंचलित नियंत्रण) किंवा हायड्रॉलिक्सचे असे काम हाताखालून जात असेल की दोन वर्षांनी तुमचा भाव वाढेल, तर ती दूर असली तरी घेण्यासारखी असते. म्हणून मुलाखतीत पगाराबरोबर ‘मला कोणत्या यंत्रावर ठेवणार?’ हे जरूर विचारा. लेबल लावण्याचे किंवा माल मोजण्याचे काम पदविकाधारकाला पुण्यातही पुढे नेत नाही आणि नरडाण्यातही नाही.

अप-डाऊनच्या बाबतीत घाईने निर्णय घेऊ नका. रेल्वेचा मासिक पास १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळतो आणि तो स्वस्त पडतो, परंतु पॅसेंजर गाड्यांच्या वेळा कारखान्याच्या पाळ्यांशी जुळतीलच असे नाही. सकाळी सातची पाळी गाठणारी गाडी आहे का, आणि दुपारची पाळी रात्री अकराला सुटल्यावर परत यायला काही साधन आहे का, हे आधी प्रत्यक्ष स्थानकावर जाऊन पाहा. रात्री महामार्गावरून मोटारसायकलने रोज परतणे हा पर्याय मी तुम्हाला सुचवणार नाही. पगारातले दोन हजार वाचवण्यासाठी तो धोका फार मोठा आहे. पाळ्या जुळत नसतील तर दोघा-तिघांनी मिळून धुळ्यात किंवा नरडाण्यात खोली घ्यावी आणि साप्ताहिक सुटीला घरी यावे. आईला दवाखान्यात न्यायचे झाले तर तिथून निघून दोन तासांत घरी पोहोचता येते, आणि चाकणहून ते कधीच शक्य नव्हते.

शोध कसा घ्यावा, तेही सांगते. आता पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ फक्त जवळच्या वर्तुळासाठी ठेवा: नरडाणा, अवधान, दोंडाईचा, शिरपूर, आणि अर्थात जळगावही. मोबाइलवरून अर्ज टाकून थांबू नका. लहान कारखान्यांत अर्ज उघडून पाहायला माणूसच नसतो, त्यामुळे सकाळी गेटवर जाऊन देखभाल विभागाच्या प्रमुखाला भेटायचे आहे असे सांगा, आणि सुरक्षारक्षकाने नकार दिला तर बायोडाट्यावर तुमचे गाव व किती दिवसांत रुजू होऊ शकता हे ठळक लिहून त्याच्याजवळ ठेवून या. अमळनेर-धुळे रस्त्यावरच्या आणि रेल्वेतल्या रोजच्या पासधारकांशी ओळख करून घ्या; तुमच्या नातेवाइकांच्या नकाशात नसलेली माहिती त्यांच्याजवळ असते. राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार संकेतस्थळावर नोंदणी केली असेलच, पण जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रांमार्फत होणारे पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे फक्त जळगावचे पाहू नका, धुळे आणि नंदुरबारचेही पाहा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय किंवा पदविका असलेल्यांसाठी दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले होते. तिची मुदत आणि अटी मधल्या काळात बदलल्या आहेत, म्हणून केंद्रात जाऊन सध्याची स्थिती विचारा, आणि तिथे नोकरी कायम होईल असे धरून चालू नका. दिवाळीनंतर जिनिंग-प्रेसिंग आणि साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो, त्यांना चार-पाच महिन्यांसाठी यंत्रे सांभाळणारी माणसे लागतात. हंगामी काम कायमचे उत्तर नव्हे. तरी दीड वर्षाचे रिकामपण त्याने मोडते आणि हात चालता राहतो.

चाकणच्या अकरा महिन्यांकडे तुम्ही वाया गेलेला काळ म्हणून पाहता, ते मला पटत नाही. ठेकेदाराने पीएफ भरला असेल तर तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तयार झालेला आहे, आणि त्याच्या पासबुकात कोणत्या आस्थापनेकडून कोणत्या महिन्यांचा भरणा झाला ते दिसते. अनुभवाचे पत्र मिळाले नसले तरी हा पुरावा तुम्ही दाखवू शकता, आणि नवीन नोकरीत तोच क्रमांक पुढे चालवायचा असतो. पैसे काढून खाते रिकामे करण्याची घाई करू नका. पुढच्या कोणत्याही ठिकाणी कंपनीच्या पे-रोलवर घेतात की ठेकेदारामार्फत, पीएफ आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापतात का, पगार बँकेत जमा होतो का, हे रुजू होण्याआधी विचारा. ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना ईएसआयसी लागू होते, आणि पात्रतेच्या अटी पूर्ण झाल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही तिच्यातून उपचार मिळू शकतात. तुमच्या घरासाठी ही बाब हजार-दोन हजारांच्या पगारवाढीपेक्षा मोलाची ठरू शकते. आणि ‘नोकरी लावून देतो, आधी एवढे भरा’ असे कोणी म्हणाला, मग तो गावचा असो वा नात्यातला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

जवळच्या वर्तुळात संक्रांतीपर्यंत काहीच जमले नाही, तर पुढचे वर्तुळ धरा, आणि तेव्हाही फक्त चाकणचा विचार करू नका. नाशिकचे सातपूर, अंबड आणि सिन्नर, छत्रपती संभाजीनगरचे वाळूज आणि शेंद्रा, आणि तुमच्याच रेल्वेमार्गाच्या टोकाला सुरतजवळचे सचिन, पांडेसरा व हजिरा, ही सगळी ठिकाणे तुमच्या शिक्षणाला लागू पडतात. सुरतला गुजराती येत नाही म्हणून बिचकू नका, उधन्यात उतरल्यावर पहिली चौकशी तुम्ही अहिराणीतही करू शकाल.

वडिलांविषयी. नोकरीची किंमत शहराच्या नावावरून ठरवणे मला अन्यायाचे वाटते, पण ही रीत त्यांनी निर्माण केलेली नाही, आणि मुलाच्या लग्नाची काळजी त्यांना रात्री झोपू देत नसेल तर त्यांच्याशी वाद घालून ती कमी होणार नाही. वर केलेला शिलकीचा हिशेब एकदा कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. शेतकरी माणसाला खर्च वजा जाता काय उरते हा विचार नवा नाही. जवळची पण पे-रोलवरची, पीएफ कापणारी, बँकेत पगार येणारी नोकरी ही कोणत्याही स्थळाला सांगण्यासारखी गोष्ट आहे. सगळ्यांना ती पटेल असे वचन मी देऊ शकत नाही.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी. रावेरकडच्या तरुणांना बुऱ्हाणपूर, चाळीसगावच्यांना धुळे आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाइतकेच हाताशी असू शकते, तेव्हा आपल्या गावाला मध्यभागी ठेवून दीड तासांत कुठे कुठे पोहोचता येते ते एकदा लिहून काढा. आयटीआय झालेल्या आणि अजून २४ वर्षांच्या आत असलेल्यांनी रेल्वेच्या भुसावळ केंद्रातील, तसेच भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणींतील आणि दीपनगर औष्णिक विद्युत केंद्रातील शिकाऊ उमेदवारीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे, कारण रेल्वेच्या शिकाऊ भरतीत वयाची अट कडक असते. मुलींच्या शोधाचे वर्तुळ घरच्या काळजीमुळे आणखी लहान होते, हे मला येणाऱ्या पत्रांतून सतत दिसते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे खर्चाची अडचण थोडी हलकी झाली आहे. सुरक्षिततेची अडचण मात्र कंपनीची बस आहे का, फक्त दिवसपाळी मिळेल का, आणि एकाच गावातल्या दोघी-तिघींना एकत्र घेतील का, हे तीन प्रश्न मुलाखतीतच विचारून सोडवावी लागते. आधीच तिथे जाणाऱ्या एखादीशी घरच्यांचे बोलणे करून दिले, तर परवानगी मिळणे सोपे जाते.

आणि शेवटी चाकणला परत जायची वेळ आलीच, तर या खेपेस चुलतभावाच्या खोलीवर जाऊन मग काम शोधायचे, असे करू नका. मुलाखतीची तारीख हातात घेऊन जा, पे-रोलवरच्या जागेलाच होकार द्या, आणि आईच्या औषधपाण्याची इथली व्यवस्था कोण पाहणार हे निघण्याआधी घरात ठरवून घ्या.